टाचेचा शब्द

बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात उखर्डू तारकसाच्या घरी एक उलटी रीत होती. इतर घरांत शिरताना पाय पुसतात, इथे घरातून बाहेर पडताना पुसावे लागत. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला एक जुनं गोणपाट अंथरलेलं असे. पाहुणा असो की बुधवारा पेठेतला व्यापारी, त्यावर तळवे घासल्याशिवाय उखर्डू कुणाला रस्त्यावर पाऊल टाकू देत नसे. कुणी विसरलाच तर तो बसल्या जागेवरून म्हणे, "पाय पूस. माहं घर घेऊन कुठी चालला?"

यात गंमत नव्हती. चांदीच्या कांबीवर सोन्याचं पान चढवायचं, ती भट्टीत तापवायची, ठोकून लांबवायची आणि मग जंतरातून ओढायची, हा त्याचा धंदा. जंतर म्हणजे भोकं पाडलेली पोलादी पट्टी. पहिल्या भोकातून करंगळीएवढी जाड तार जाते, शेवटच्या भोकातून केसासारखी निघते. पुढे ती तार दुसरे कारागीर चपटी करत, तिसरे रेशमावर गुंडाळत, की झालं कलाबतू, पागोट्याचं आणि साडीच्या काठाचं. पण प्रत्येक भोक तारेचा थोडा कीस काढून घेतं. डोळ्यांना न दिसणारा तो कीस खाली पडतो आणि सारवलेली जमीन तो पिऊन टाकते. म्हणून तारकसाच्या घरात झाडू दारापासून आत मारतात, दाराकडे कधीच नाही. पिढीतून एखाद्या वेळी घरातला कर्ता ती जमीन हातभर खणतो आणि झारेकऱ्याला बोलावतो. झारेकरी माती धुऊन तिच्यातलं सोनं-चांदी वेगळं करतो. शेतकऱ्याला वावर तशी तारकसाला पायाखालची जमीन.

उखर्डूच्या आधी त्याच्या आईची दोन मुलं गेली होती. हा जन्मला तेव्हा तिने त्याला उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने उचलून परत दिलं, आणि नाव पडलं उखर्डू. मरणाने हा केरकचरा समजून पुढे जावं, एवढीच त्यामागची युक्ती. ती लागू पडली. मरण फसलं म्हणून त्याच्या पाठच्या भावाला पंचांग बघून चांगलं नाव ठेवता आलं, वामन. उखर्डू पुढे आयुष्यभर म्हणत राहिला, "नाव माह्या जिवावर पडलं त्याचं, अन् मिरवतो तो."

बाप लवकर गेला. उखर्डूने जंतर हातात घेतलं आणि वामनने पाटी. वामन हुशार निघाला. खंडव्याची शाळा संपल्यावर जबलपूरच्या कॉलेजात जायचं म्हणू लागला, तेव्हा उखर्डूने वेळ आलेली नसताना घरची जमीन खणली. भाऊबंदांनी तोंडात बोटं घातली. बापाच्या काळापासून सोनं प्यायलेली जमीन भावाच्या पुस्तकांसाठी उकरायची, असं आधी कुणी केलं नव्हतं. जमिनीतलं सोनं जबलपूरला गेलं आणि दोन वर्षांनी इंग्रजी होऊन परत आलं.

परत आलेला वामन इंग्रजी शाळेत मास्तर झाला. बुधवाऱ्यात भाड्याने राहू लागला, कारण त्याच्या बायकोला भट्टीच्या धुराने उमासे येत. सणावाराला भावाकडे आला की आत शिरताना पाय पुसायचा आणि जाताना विसरायचा. उखर्डू त्याला हाक मारून परत बोलवायचा आणि गल्लीसमोर पाय घासायला लावायचा. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल होत.

वामन मास्तरांना एक खोड होती. कुठलाही इंग्रजी शब्द त्यांना नुसता सांगता येत नसे. घड्याळजी घड्याळ उघडतो तसा ते तो उघडायचे. हा तुकडा लॅटिन, हा ग्रीक, हा फ्रेंचांनी घासून गुळगुळीत केला, आणि सगळे जोडले की हा अर्थ. मुलं एक अर्थ विचारायला जायची आणि तास संपेपर्यंत अडकायची. शाळेत त्यांना मूळव्याध मास्तर म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यातही त्यांना थोडा मान वाटायचा.

सन १८९६ च्या उन्हाळ्यात लोधीपुऱ्यात आग लागली. कडू तारकसाच्या भट्टीतून ठिणगी उडाली, शेजारचं छप्पर पेटलं, दोन गायी दावणीला जळाल्या. गावच्या कमेटीने ठराव केला की सगळ्या भट्ट्या वस्तीबाहेर हलवायच्या. लालबागेत पत्र्याची मोठी शेड बांधायची आणि सर्वांनी तिथे काम करायचं. ठराव गैर नव्हता. उखर्डूनेही तो गैर म्हटला नाही. कडूच्या तोंडावर तो म्हणाला होता, "तुही भट्टी तर तापीच्या मधोमध पाहिजे, पाण्यात."

वांधा आला तो ठेक्यात. शेडचा ठेका घेतला बुधवाऱ्यातल्या गिरधर शेठने. शेड बांधायची, कोळसा पुरवायचा, राखण करायची, आणि त्या बदल्यात शेडच्या जमिनीवरचा सगळा केर शेठचा. एवढं एकच कलम त्याने वरून घालून घेतलं होतं. तारकस कुरकुरले, एकमेकांकडे पाहिलं आणि एकेकाने अंगठा दिला. पहिला अंगठा कडूचा. आग त्याच्याच भट्टीची होती, त्याला तोंड कुठलं?

उखर्डू शेठच्या पेढीवर गेला.

"भट्टी नेतो मी," तो म्हणाला. "एका कोपऱ्यात मले कुडाची भिंत घालून दे. आतला केर माहा मी झाडीन."

"एकाला भिंत दिली तर सगळे मागतील," शेठ म्हणाला. "मग शेड कुठे राहिली? चाळ झाली ती."

"मंग चाळ बांध."

"देख उखर्डू, केर म्हणजे केर. कचऱ्यासाठी कुणी भांडतं का?"

"कचरा हाये ना? मंग सोड."

शेठ हसला आणि त्याने पान लावायला घेतलं. तो काही सोडणार नव्हता. उखर्डूलाही ते माहीत होतं. बाजारात भाव पाडून मागतात तसा तो मागत होता. भिंत नाही तर अर्धा केर, अर्धा नाही तर पाव, कुठेतरी जुळेल, असं त्याच्या मनात होतं. त्याला लढायचं नव्हतं, पदरात काहीतरी पाडून घ्यायचं होतं. लोधीपुरा मात्र त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागला. शेडमध्ये गेलेल्यांना त्याचं मागे राहणं टोचायचं. "आम्ही काय खुळे हाओत?" असं कडू जाता-येता ऐकवायचा. एके दिवशी उखर्डूच्या दारावर कुणीतरी शेण फासलं. रंभाबाईने, त्याच्या बायकोने, ते काढलं आणि त्याच शेणाने अंगण सारवलं.

मग असिस्टंट कमिश्नर साहेबाचा मुक्काम लालबागेत पडला. आंब्यांखाली तंबू लागले. गावच्या तक्रारी साहेब उघड्यावर बसून ऐकायचा. उखर्डूला बोलावणं आलं. दुभाषा तापाने आजारी होता म्हणून कमेटीने वामन मास्तरांना उभं केलं. शाळेच्या हेडमास्तरची जागा रिकामी होती आणि शिफारस साहेबाच्या हातात होती. मास्तरांनी नवं उपरणं घेतलं.

त्या सकाळी रंभाबाई भाकरी वाढताना म्हणाली, "पोरगी लग्नाची हाये. निर्मलाले पाह्याले लोक येतील तवा बाप काय करतो म्हणून विचारतील. काय सांगू, भांडतो म्हनू?"

"केर द्यायचा तर मंग ओढायची कायले तार?"

"केर गेला तरी मजुरी राह्यते. मजुरी गेली तर केर बी नही."

उखर्डूने भाकरी मोडली. मग म्हणाला, "देतो अंगठा. पण त्या शेठ्यासमोर हसू नको."

"मी कायले हसू," रंभाबाई म्हणाली. "मले काय हसाले टाइम हाये?"

तो गेला तो अंगठा द्यायचाच म्हणून गेला. हे त्याने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. रंभाबाईने मात्र सगळ्यांना सांगितलं.

आंब्याखाली अर्धा लोधीपुरा बसला होता. गिरधर शेठला स्टूल मिळालं होतं. मुनशीने कागद पुढे सरकवला, उखर्डूच्या अंगठ्याला शाई लावली. साहेब तरुण होता, घामाने बेजार झाला होता, आणि त्याला हे लवकर उरकायचं होतं. त्याने चार-दोन वाक्यं इंग्रजीत म्हटली. बाकी सगळं वाऱ्यासारखं गेलं, पण मधला एक शब्द लांब, दगड-गोट्यांवरून गाडी जावी तसा खडखडत गेला.

"काय म्हनला?" उखर्डूने भावाला विचारलं.

"साहेब म्हणतात, हा माणूस अडेल आहे. पण आठवड्यात शेडमध्ये आला तर मागचं सोडून देतो."

शाईचा अंगठा कागदावर वीतभर उंचीवर थांबला. उखर्डूच्या स्वभावाप्रमाणे त्याला एक टोला मारल्याशिवाय हरता येत नव्हतं. "तो एवढा लांब शब्द होता," तो म्हणाला, "त्याचं एवढंसं अडेल? मधी तू काही खाल्लं तर नही ना मास्तर? शेठसारखा केर तुह्या बी वाट्याले हाये का?"

लोक हसले. इथे दुसरा कुणी असता तर हसून पुढे गेला असता. पण मास्तरांच्या भाषांतरावर, साहेबासमोर, अंगठेबहाद्दर भावाने बोट ठेवलं होतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी उपरणं सावरलं आणि शाळेत फळ्यासमोर उभे राहतात तसे ते उभे राहिले.

"काही खाल्लं नाही," ते म्हणाले. "शब्द आहे रिकॅल्सिट्रंट. पूर्ण हवा तर पूर्ण सांगतो. इंग्रजीत हा तसा नवा. फ्रेंचांकडून आला, फ्रेंचांनी लॅटिनमधून घेतला. लॅटिनमध्ये कॅल्क्स म्हणजे टाच. त्यापासून टाचेने मारणं, म्हणजे लाथ झाडणं. री म्हणजे मागे. लगाम ओढला, ओझं लादलं की जे जनावर मागच्या टाचा झाडतं, त्याला मुळात हा शब्द. घोडा, गाढव, खेचर."

आता थांबायला हरकत नव्हती. पण खोड ती खोड. "ऑब्स्टिनेट म्हणजेही हट्टी," ते पुढे म्हणाले, "पण तो वेगळा. त्याच्या मुळाशी उभं राहणं आहे. तो नुसता आडवा उभा राहतो, त्यात माणसाचा काहीतरी आब असतो. साहेबांनी तो शब्द वापरला नाही. त्यांनी टाचेचा वापरला."

"मग सरळ खेचर म्हणा की, मास्तर," गिरधर शेठ स्टुलावरून म्हणाला. "इतके मुलूख फिरवून कशाला आणलं?"

आंब्याखालचे सगळे हसले. कडूला तर हसता हसता ठसका लागला. साहेबाने काय झालं म्हणून विचारलं. मास्तरांनी त्याला इंग्रजीत सगळं पुन्हा सांगितलं, लॅटिनसकट. साहेबाला बहुधा लहानपणी लॅटिन घोकावं लागलं असावं. तो पहिल्यांदाच मोकळा हसला आणि मास्तरांकडे कौतुकाने बघत त्याने मान डोलावली. ते कौतुक उखर्डूने पाहिलं.

त्याने अंगठा धोतराला पुसला. पांढऱ्या धोतरावर निळा फराटा उमटला.

"साहेबाले सांग," तो म्हणाला, "खेचराचा अंगठा कागदाले चालत नही."

"भाऊ, आता पुरे."

"सांग ना. तुले तर पूर्णच सांगाची सवय हाये."

"अरे, घरी जाऊन काय सांगशील वहिनीला?"

"ते मी पाहीन. तू साहेबाले सांग."

साहेब वाट बघत होता. मास्तरांनी खाली बघत दोन शब्दांत सांगितलं की हा नकार देतो. साहेबाचं हसू गेलं. भट्टी आठवड्यात फोडावी आणि गावच्या हद्दीत या माणसाने तार ओढू नये, असा हुकूम त्याने तिथल्या तिथे लिहवून घेतला. मग हातरुमालाने मान पुसली आणि पुढचा माणूस बोलावला.

उखर्डूने भट्टी कुणाला फोडू दिली नाही, आपणच फोडली. मग कुदळ घेतली आणि आयुष्यात दुसऱ्यांदा घरची जमीन खणायला लागला. काळी माती अंगणात ढिगाने येऊन पडली. झारेकरी पाट्या भरत होता तेवढ्यात वामन आला. दारात उभा राहून त्याने ढीग बघितला.

"जमीन बापाची आहे," तो म्हणाला. "म्हणजे अर्धी माझी."

रंभाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. असं तो म्हणेल हे तिला खरं वाटेना. उखर्डूला मात्र वाटलं. त्याने कुदळ भिंतीला टेकवली.

"तुहा वाटा तू जबलपुरात खाल्ला. त्याची टाच काढून मले परवा मारली. अजून पाहिजे?"

"मी मारली? शब्द साहेबाचा होता."

"जाय बाबा तू."

"मी न्याय मागतोय. मागायचा माझा हक्क आहे."

"हक्क हाये," उखर्डू म्हणाला आणि त्याने ओंजळभर माती उचलून भावाच्या नव्या उपरण्यात टाकली. "घे. धुऊन पाह्य काय निघते ते."

मास्तरांनी उपरणं झटकलं आणि ते निघून गेले. त्यानंतर भावाभावांत बोलणं राहिलं नाही.

त्या मातीतून निघालं त्यावर उखर्डूने तापीपलीकडे जैनाबादेत एक पडकं घर भाड्याने घेतलं. गावची हद्द नदीला संपत होती. पलीकडे त्याला कुणी अडवू शकत नव्हतं. नवी भट्टी घातली, नवी जमीन सारवली, उंबऱ्याच्या आत नवं गोणपाट टाकलं. त्यावर पाय पुसायला मात्र कुणी येईना. गिरधर शेठने बुधवाऱ्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कलाबतूच्या कामाची एकही कांब त्याच्याकडे गेली नाही. खेड्यांतले सोनार तेवढे यायचे, त्यांना तोरड्या-वाळ्यांना जाड तार लागे. केसासारखी तार ओढणारा हात आता दोराएवढी तार ओढू लागला.

तार ओढायला दोन माणसं लागतात. एकाने जंतरापुढे बसून तार भोकात घालायची, सैल-घट्ट सांभाळायची, दुसऱ्याने चरखी फिरवून ती ओढायची. लोधीपुऱ्यात चरखीला मजूर होता. इथे रंभाबाई. खांद्यातून कळा येत, रात्री हात उशाला घेता येत नसे. एक दिवस चरखी फिरवता फिरवता ती थांबली.

"लाथ तुम्ही साहेबाले मारली असं तुम्हाले वाटते," ती म्हणाली. "साहेब होता समोर, खुर्चीवर. त्याले कशी लागन? मागं कोन होतं पाहा. मी होती अन् पोरगी होती."

उखर्डूने तार सैल सोडली. "चरखी फिरव," तो म्हणाला.

तिने फिरवली. पण त्या दिवसापासून ती कामापुरतीच बोलू लागली.

दोन पावसाळे गेले. तो साहेब बदलून गेला. नव्या साहेबापुढे तारकसांनी अर्ज केला. पुढाकार कडूनेच घेतला, कारण शेठ केर झाडून नेताना त्यांच्या हत्यारांना चिकटलेला कीससुद्धा घासून न्यायला लागला होता. केराचं कलम गेलं, उखर्डूवरचा जुना हुकूमही उठला. शेडमध्ये प्रत्येकाच्या जागेभोवती कुडाची भिंत आली आणि आतला केर ज्याचा त्याचा झाला. उखर्डूने मागितलं होतं ते सगळं झालं होतं, आणि ते करायला तो तिथे नव्हता.

हे सांगायला वामन मास्तर नावेतून आले. आता ते हेडमास्तर होते. ओल्या चिखलातून धोतर सावरत दाराशी पोचले. रंभाबाईने पाट ठेवला. उखर्डू जंतरापुढून उठला नाही.

"शेडमध्ये तुझ्यासाठी जागा ठेवली आहे," मास्तर म्हणाले. "कडूनेच राखली."

"कडू मोठा दानी झाला."

"तो म्हणाला, उखर्डू गेला म्हणून आम्ही काही रडत बसलो नाही, पण जागा त्याची आहे. भाऊ, निर्मलासाठी रावेरचं स्थळ आलंय. चांगली माणसं आहेत. नदीपलीकडच्या पडक्यात त्यांना काय दाखवायचं? लोधीपुऱ्याच्या घराची डागडुजी मी करतो."

"पाय पुसाचे असतील तर जाताना पूस. येताना पुसून आलास ते पाह्यलं मी."

"तू येणार की नाही ते सांग."

उखर्डूने चिमट्याने तारेचं टोक धरलं होतं. ते त्याने सोडलं. "येतो," तो म्हणाला. "आंब्याखाली चल. जे लोक बसले होते ते बसव. अन् त्याहिले सांग का मी टाचेचं बोललो ते चुकलं."

"चुकलं कुठे? अर्थ बरोबर होता. मी फक्त मूळ सांगितलं."

"कोनं विचारलं होतं?"

"तूच विचारलंस. एवढा लांब शब्द आणि एवढंसं अडेल का, असं तूच म्हणालास. मी काही खाल्लं का, हेही तूच म्हणालास."

हे खरं होतं. उखर्डूला ते आठवत होतं, म्हणून तो अधिकच चिडला. "साहेबाचं अडेल होतं," तो म्हणाला. "ते मी घेतलं असतं. अंगठ्याले शाई लागेल होती माह्या. टाच तुही होती, वामन. तू ती मुलूख फिरून शोधून आनली अन् शेठ्याच्या हातात देली."

"मी चुकीचा अर्थ सांगितला असं मी भर लोकांत म्हणणार नाही. हेडमास्तर आहे मी. दुसरं काहीही माग."

"दुसरं काही नको."

"मग खेचर म्हटल्याचा राग कशाला? वागतोयस तसाच."

"हाव. आता हाये. तवा नव्हतो."

रंभाबाई चरखीशेजारी उभी होती. दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मग ती आत गेली आणि गाठोडं बांधून आली. निर्मलाच्या हातात तिचं गाठोडं होतं.

"तुमचं दोघाहीचं चालू द्या," ती म्हणाली. "एकाले शब्द सोडवत नही, एकाले टाच. पोरीचं लग्न मले करायचं हाये. तुम्ही या नही तर नका येऊ. भाऊजी, चला, नाव सुटन."

उखर्डूने तिला अडवलं नाही. भट्टीत कांब तापत होती, ती टाकून उठता येण्यासारखी नव्हती, निदान त्याने स्वतःला तसं सांगितलं. नाव सुटली तेव्हा तो दारात आला. "रावेरवाल्याहिले सांगजा," तो नदीकडे तोंड करून म्हणाला, "सासरा खेचर हाये. मागून येऊ नका म्हना." नावाडी हसला. नावेतलं दुसरं कुणी हसलं नाही.

लग्न झालं. तो गेला नाही. कन्यादान मास्तरांनी केलं. निर्मला सासरी जाताना घाटावर बराच वेळ थांबली होती, असं नावाड्याने त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मंग? नाव नव्हती का?" आणि नावाड्याला त्याने पुन्हा तो विषय काढू दिला नाही.

त्यानंतर तो एकटा राहिला. एकट्याने चरखी फिरवून तार ओढायची म्हणजे भोकात घालायची, उठून फिरवायची, तुटली की परत बसायचं. बारीक तार तशी निघतच नाही, तिला हात सतत लागतो. मग जाडच ओढायची. रंभाबाई नावाड्याबरोबर भाकरी पाठवायची. तो खायचा आणि भांडं घासून परत पाठवायचा. सोबत निरोप कधीच नसे. तिच्याकडूनही नसे. लोधीपुऱ्यातल्या घरात ती एकटी राहायची आणि लोकांना कलाबतू गुंडाळून द्यायची. शेडमधली उखर्डूची जागा कडूने काही वर्षं राखली. मग तिथे त्याचा जावई बसला.

दोन्ही काठांवर त्याचं नाव खेचर पडलं. अनोळखी सोनार नदीकाठी उतरून विचारायचे, "खेचराचं घर कुठलं?" आणि तो स्वतः दारातून हात करायचा, "हे काय. कोन पाहिजे?" त्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. मास्तरांना मात्र वाटायचं. वर्गात तो शब्द आला की ते नुसता अर्थ सांगून पुढे जात. हट्टी, एवढाच. मुलांना नवल वाटायचं, कारण बाकी कुठल्याही शब्दावर ते तास घालवत.

एका हिवाळ्यात नावाड्याने दारात तसंच पडलेलं भांडं न घासलेलं परत आणलं. रंभाबाईने ते बघितलं आणि ती उठली. मास्तरांना निरोप गेला. दोघं एकाच नावेतून पलीकडे गेली. जंतरात अर्धी ओढलेली तार अडकलेली होती. उखर्डू चरखीपाशी पडलेला होता, तोंड भिंतीकडे.

सगळं उरकल्यावर घरमालक आला. घर मोकळं करून पाहिजे होतं. मास्तर म्हणाले, "वहिनी, जमीन खणून घ्या. इतकी वर्षं त्याने ओढली, काही ना काही निघेल. झारेकऱ्याला मी सांगतो."

"मी सांगीन," रंभाबाई म्हणाली.

झारेकऱ्याने दिवसभर जमीन खणली, घाटावर बसून पाटीमागून पाटी धुतली. मास्तर घाटाच्या पायरीवर बसून होते. रंभाबाई झारेकऱ्यापासून हातभर अंतरावर पाण्याकडे बघत उभी राहिली. ऊन उतरलं तेव्हा त्याने थाळी उचलून दाखवली. जाड तारेला कीस फारसा पडत नाही, आणि कामही कधी भरपूर नव्हतं. थाळीच्या कडेला राखाडी रंगाची एक रेघ होती, फुंकर घातली असती तर गेली असती.

"बाई, याच्यात माही मजुरी बी नही निघत," झारेकरी म्हणाला.

"तुही मजुरी वेगळी देते. हे बांध."

"एवढंसं कशात बांधू?"

"पानात बांध."

त्याने पळसाचं पान तोडलं, थाळी त्यावर निथळली आणि पुडी केली. मास्तर पायरीवरून उठले. "बघू," ते म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

रंभाबाईने पुडी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. "तुम्ही कायले पाह्यता," ती म्हणाली. "तुमचा वाटा झाला." ती नावेत जाऊन बसली. मास्तर दुसऱ्या टोकाला बसले, आणि नाव बुऱ्हाणपूरच्या काठाला लागेपर्यंत तिने त्यांच्याकडे पाठ ठेवली.